पायताणांजवळ

पालकसभा हॉलात होती,
हॉल म्हणजे सातवी ब आणि क, मधलं फळ्यांचं पार्टिशन काढून.
नवी सतरंजी अंथरलेली, म्हणून पेडगावकर सर म्हणाले,
"मसाजी, पायताणं बाहेर. आणि तू तिथंच बस,
मागच्या खेपेला एकाची गेली."
बसलो.

आत विषय एकच. बूट.
काळे, लेसचे, टाचेला रंगीत रेघ नसलेले,
आणि घ्यायचे ते मोंढ्यासमोरच्या त्याच दुकानातून,
सहाशे एकोणपन्नास.
नोटीस मीच वाटली होती वर्गावर्गात. खाली पालकाची सही.
तीनशे बारा गेल्या, दीडशेही माघारी आल्या नाहीत.
एकीवर सहीच्या जागी पावलाचं माप काढलेलं,
पेन्सिलीनं, पाची बोटांसकट.

खिडकी उघडी होती. तोंडं दिसत नव्हती.
आवाज यायचा, मी त्याचं पायताण शोधायचो.

"सोमवारच्या बाजारात एकशे ऐंशीला भेटतेत, तेबी काळेच हायेत की."
हा शेख मुनीर, वेल्डिंगवाला.
चपलेला ठिणग्यांची भोकं, चाळणीसारखी.
"लेकराचा पाय सहा महिन्यात नंबर सोडतो, सर.
पाय काय नोटीस वाचून वाढतो?"
हशा झाला. त्यात सरांचा नव्हता.

"शिस्त कुठून तरी सुरू व्हायला पाहिजे."
हे ऑडिटर चौसाळकर. कोऱ्या कोल्हापुरी,
अजून तेलाचा वास, भिंतीला नीट लावून ठेवलेल्या,
बाकीच्यांपासून वीतभर लांब.

मग कुणीतरी 'कमिशन' म्हणालं
आणि पंख्याचा आवाज मोठा झाला.
सरांचा आवाज चढला. तो चढला की थोडा फाटतो.
त्यांचे बूट दाराशीच होते. काळे.
पॉलिश मीच मारतो, म्हणून मला ठाऊक,
मूळचे ते तपकिरी. लेसच्या भोकांत अजून दिसतं.

शेवटी एक बाई बोलली, इतकी हळू
की मी खिडकीशी सरकलो.
"नियम काढू नका सर. बूट असू द्या.
मपल्या पोरीचे पाय रांगेत येगळे दिसू नयेत, एवढंच.
मी घेईन. कसंबी घेईन."
मुनीरसुद्धा गप्प.
तिचं पायताण लगेच सापडलं:
एक निळ्या पट्ट्याची, एक हिरव्या,
नंबरही वेगळे.

तेवढ्यात लाइट गेली.
सभा आपोआप संपली, ठराव दिवाळीनंतर.
मी मोबाइलची बॅटरी लावेपर्यंत
माणसं अंधारातच उतरली पायऱ्या,
आणि एकाचीही चुकामूक नाही.
पाय चाचपत गेले, थांबले, शिरले.
निळा-हिरवा जोड कधी गेला कळलंच नाही.

सर पायरीवर बसून लेस बांधत होते.
एक तुटलेली, मधे गाठ, गाठ भोकातून जाईना.
मी उजेड धरला. दुसरीकडं बघत धरला.
"सोमवारपासून गेटवर वही घेऊन उभा राहा," ते म्हणाले.
"दिवाळीपर्यंत थांबायचं ठरलं ना सर?"
"नोंद फक्त. नोंद घ्यायला काय जातंय."

सोमवारी सात दहाला उभा राहिलो.
वहीत रकाने दोन. आहेत. नाहीत.
पट्टी धरून मीच आखलेले.

वस्तीच्या वाटेनं पोरगी आली, पाचवीतली असेल.
काळ्या रानातून आलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल,
दोन्ही तळव्यांना मातीचे पोळे चिकटलेले,
पाय उचलताना जड व्हायचे.
बूट हातात. नवे. आत कागदाचे बोळे अजून तसेच.
माझ्याकडं बघून तिनं ते दप्तराआड नेले,
मग परत पुढं आणले,
काय बरोबर ते तिलाही ठरेना.

पेन मी आहेतवर नेला.
मग नाहीतवर.
मागं घंटा झाली.
वही काखेत मारली
आणि टाकीचा नळ सोडला.